थकलेल्या जिवासाठी आठ दिवसांचं मौन : इग्नेशियन रिट्रीटची तयारी, आतले दिवस आणि परतीनंतरचं

घरातलं लांबलेलं आजारपण, कर्जाचे हप्ते, नोकरी आणि रात्रीची जागरणं यांत वर्षानुवर्षं पिळून निघालेल्या माणसाला ‘प्रार्थना कर, बरं वाटेल’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. प्रार्थना कुठे करायची, कोणाच्या मदतीने, किती वेळ, आणि ती जमेनाशी झाली तर काय करायचं, हे कुणी फारसं सांगत नाही. गेल्या जुलैत मी संत इग्नेशियस लोयोला यांच्या पद्धतीचं आठ दिवसांचं मौन रिट्रीट, म्हणजे घरापासून दूर राहून प्रार्थनेत घालवायचे दिवस, पूर्ण केलं. जाण्याआधी मला जी माहिती शोधूनही एका जागी मिळाली नाही, ती इथे क्रमाने मांडते आहे.

आधी अपेक्षेबद्दल. ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन’ हे बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातलं वचन वसईकडच्या ख्रिस्ती घरांत भिंतीवर, कॅलेंडरवर सहज दिसतं. पुढच्या दोन ओवींकडे मात्र आपलं लक्ष कमी जातं. तिथे येशू म्हणतो, माझं जू खांद्यावर घ्या आणि माझ्यापासून शिका. म्हणजे विसाव्यासोबत काम येतं आणि शिकणंही येतं. रिट्रीटहून परतल्यावर आजारी माणूस आजारीच असतो, हप्ता त्याच तारखेला कापला जातो. हे मनाशी धरून गेलेलं बरं. चमत्काराची वाट बघत बसलं की आठही दिवस त्या वाट बघण्यातच जातात.

रिट्रीट म्हटलं की आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने ओळखल्या जातात, आणि निवड चुकली तर थकवा वाढतो. पहिली म्हणजे करिश्माई पद्धतीची मोठी शिबिरं. केरळात चालकुडीजवळ मुरिंगूरचं डिव्हाइन रिट्रीट सेंटर सर्वांना माहीत आहे. तिथे मोठा समुदाय, गायन, प्रवचनं, साक्षी, आरोग्यदानाची प्रार्थना असते. अनेकांना तिथे आधार मिळतो. पण ज्याला आवाजच सोसवेनासा झाला आहे, त्याने विचार करून जावं. दुसरं प्रवचनांचं रिट्रीट : मौन असतं, दिवसातून दोन-तीन व्याख्यानं असतात, उरलेला वेळ तुमचा. तिसरं वैयक्तिक मार्गदर्शनाचं. यात प्रवचन जवळजवळ नसतंच. तुम्ही एकट्याने बायबलमधला छोटा उतारा घेऊन प्रार्थना करता आणि दिवसातून एकदा अर्धा-पाऊण तास मार्गदर्शकाला भेटता. खूप थकलेल्यांसाठी माझं मत या तिसऱ्या प्रकाराच्या बाजूने आहे. त्यात तुमच्या अवस्थेप्रमाणे वेग कमी करता येतो. सगळ्यांसाठी ठरलेलं वेळापत्रक तुमच्यासाठी थांबत नाही, मार्गदर्शक थांबतो.

महाराष्ट्रात अशी सोय येशूसंघीयांच्या (जेझुइटांच्या) घरांत मिळते. अंधेरीचं विनयालय, लोणावळ्याची अँथनी डिमेलो यांनी सुरू केलेली साधना इन्स्टिट्यूट ही माहितीतली नावं. धर्मभगिनींच्या काही मठांतही खोल्या मिळतात. प्रॉटेस्टंट वाचकांनाही इथे मज्जाव नसतो. फक्त मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिक उपासनेत, ख्रिस्तप्रसाद (पवित्र भाकर) घेण्याचा प्रश्न येतो, तो मार्गदर्शकाशी पहिल्याच भेटीत बोलून घ्यावा म्हणजे रोज अवघडल्यासारखं होत नाही. ज्यांना सर्व पंथांना मोकळं वातावरण हवं, त्यांनी पुण्यात शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात चौकशी करावी. १९२० च्या दशकात जॅक विन्स्लो यांनी तो उभारला.

मी जानेवारीत चौकशी सुरू केली, मे महिन्याच्या हिशेबाने. मे भरलेला होता. कारण साधं आहे : धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांना चर्चच्या नियमाप्रमाणे दरवर्षी रिट्रीट करावंच लागतं, आणि शाळा-कॉलेजं सांभाळणाऱ्या भगिनी ते उन्हाळ्याच्या नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत करतात. प्रापंचिकांनी मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडून विचारावं. मला जुलै मिळाला. ‘आठ दिवसांचं’ या शब्दावर रजा टाकू नका. आठ पूर्ण दिवस प्रार्थनेचे, त्याच्या आदल्या संध्याकाळी पोचायचं आणि संपल्यानंतरच्या सकाळी निघायचं, असं धरलं जातं. माझं ११ जुलैच्या संध्याकाळी सुरू होऊन २० जुलैच्या सकाळी संपलं, म्हणजे नऊ रात्री. ऑफिसात तेवढी रजा हवी, आणि जमल्यास परतीनंतरचा एक दिवस जास्तीचा.

मार्चमध्ये फॉर्म आला. नाव, वय, धर्मग्राम (आपलं स्थानिक चर्च), याआधी केलेली रिट्रीटं, आणि मग एक पान आरोग्याचं : चालू औषधं, झोप, अलीकडचा एखादा मृत्यू किंवा मोठा धक्का, मानसोपचार चालू आहेत का. हे पान खरं भरावं. आठ दिवसांचं मौन दडपून ठेवलेलं सगळं वर आणतं. तीव्र नैराश्यात, किंवा जवळचं माणूस जाऊन काही आठवडेच झाले असताना, चांगला मार्गदर्शक स्वतःच थोडं थांबायला सांगतो. त्यात नकार नसतो, काळजी असते. मी फॅमिली डॉक्टरांना विचारूनच गेले. झोपेच्या किंवा उदासीच्या गोळ्या चालू असतील तर त्या तिथेही तशाच चालू ठेवायच्या. ‘देवावर विश्वास आहे तर गोळी कशाला’ असं म्हणत रिट्रीटच्या तोंडावर औषध बंद करणारे लोक असतात. तिसऱ्या दिवशी होणारा त्रास मग प्रार्थनेमुळे की औषध सुटल्यामुळे, ते मार्गदर्शकालाही कळत नाही. फॉर्मसोबत धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंचं दोन ओळींचं पत्र मागितलं होतं. फादर बहुधा मिस्सानंतर लगेच देतात, पण सणाच्या आठवड्यात मागू नका.

खर्च. आमच्या इथे राहणं-जेवण मिळून दिवसाला ९०० रुपये होते, नऊ रात्रींचे ८,१००. मार्गदर्शकाचं मानधन ठरलेलं नव्हतं. पाकिटात घालून शेवटच्या दिवशी द्यायचं, न जमल्यास न द्यायचं. बऱ्याच घरांत परिस्थिती सांगितली तर रक्कम कमी करतात, मागायला संकोच करू नये. खरा मोठा खर्च घरचा होता. रुग्णाजवळ ब्यूरोची बाई ठेवावी लागली आणि त्याची रक्कम रिट्रीटहून जास्त झाली. घरात कुणी अंथरुणावर असेल तर हा आकडा आधी काढा, मगच तारीख ठरवा.

रुग्णाची व्यवस्था तोंडी सांगून निघू नये. मी एक कागद तयार केला : औषधाचं नाव, मात्रा, वेळ, जेवणाआधी की नंतर, डॉक्टरांचा नंबर, जवळचं हॉस्पिटल, विम्याच्या कार्डाची जागा, आणि कोणत्या लक्षणाला मला बोलवायचं. या शेवटच्या ओळीमुळे मन सुटं राहिलं. ‘काहीही वाटलं तर फोन करा’ म्हटलं की घरचे एकतर सारखे फोन करतात किंवा संकोचून करतच नाहीत. ‘ताप १०२ च्या वर, श्वास लागणं, पडणं’ असं लिहिलं की त्यांना आणि आपल्यालाही हद्द कळते. नणंदेने आणि बहिणीने वार वाटून घेतले. घरच्यांना माझा नव्हे, साधनागृहाच्या ऑफिसचा नंबर दिला.

सामान थोडं. पवित्र शास्त्र (ज्या भाषांतरात तुम्ही लहानपणापासून ऐकलंत तेच घ्या, नवं नको), एक कोरी वही, पेन, घड्याळ, कारण मोबाइल जवळ नसणार, शाल, औषधं दोन दिवस जास्तीची. जुलैत घाटमाथ्यावर कपडे वाळत नाहीत. सुती साड्यांऐवजी लवकर वाळणारे दोन-तीन जोड, टॉर्च, छत्री आणि रबरी चपला लागतातच. पुस्तकं नेऊ नका. आध्यात्मिक पुस्तकांचा गठ्ठा हा प्रार्थना टाळायचा सगळ्यात सभ्य मार्ग आहे, असं मार्गदर्शक सिस्टरांनी पहिल्याच संध्याकाळी सांगितलं आणि आणलेली पुस्तकं ऑफिसात ठेवून घेतली.

त्या पहिल्या संध्याकाळी चहा, ओळख, खोल्यांच्या किल्ल्या आणि नियम झाले. मौन रात्रीच्या जेवणानंतर सुरू. जेवणाच्या टेबलावरही बोलायचं नाही, नजरेने गप्पा मारायच्या नाहीत, कुणाला रडताना पाहिलं तरी जवळ जाऊन समजूत घालायची नाही. हा शेवटचा नियम आपल्या बायकांना फार कठोर वाटतो. त्यामागे विचार आहे : त्या माणसाचं देवाशी जे चाललं आहे त्यात आपण मध्ये पडायचं नाही. फोन बंद करून पाकिटात घालून दिला. पहिले दोन दिवस हात आपोआप उशाशी जातो, मग थांबतो.

ही पद्धत आली कुठून, हे माहीत असलं की तिचे नियम जाचक वाटत नाहीत. इग्नेशियस हा स्पेनच्या बास्क प्रांतातला सरदारपुत्र, जन्म १४९१ चा. २० मे १५२१ रोजी पांप्लोनाच्या किल्ल्यात तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावरच्या महिन्यांत त्याला आपल्या मनाच्या हालचाली पाहण्याची सवय लागली : कोणते विचार मागे आनंद ठेवून जातात, कोणते कोरडं करून जातात. पुढे १५२२ मध्ये तो मानरेसा गावी आला आणि तिथे अकराएक महिने राहिला. तिथे त्याने उपासतापासाने प्रकृती खालावून घेतली, पापाच्या शंकांनी तो इतका पोखरला की जीव द्यावासा वाटला, आणि त्यातून बाहेर आल्यावर ज्या नोंदी केल्या त्यांतून ही आध्यात्मिक साधना घडली. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये तिला मान्यता दिली. मूळ साधना सुमारे तीस दिवसांची, आठ दिवसांचं रिट्रीट हे तिचं आटोपशीर रूप. हताश झालेल्या माणसाने हताश झालेल्यांसाठी घालून दिलेली वाट आहे ती, आणि म्हणून तिच्यात शरीराची दखल जागोजागी आहे.

१२ जुलैला सकाळी पहिल्या भेटीत सिस्टरांनी मला उतारा दिला तो बायबलमधल्या ‘१ राजे’ या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातला, एलीयाचा. संदेष्टा जिवाच्या भीतीने रानात पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. देव त्याला उपदेश करत नाही. देवदूत त्याला स्पर्श करून उठवतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो आणि परत झोपतो. दुसऱ्यांदा तेच. त्यानंतर कुठे होरेब डोंगरापर्यंतचा चाळीस दिवसांचा प्रवास. सूचना एवढीच होती : आज आणि उद्या जेवा, झोपा, हा उतारा वाचा, आणखी काही नको.

झोप ही या टप्प्यावर पाप वाटू लागते. एवढे पैसे, एवढी रजा, घरच्यांची एवढी धावपळ, आणि मी इथे दुपारी तीन तास झोपते, ही टोचणी प्रत्येकाला होते. मानरेसातली एक गोष्ट इथे फार उपयोगाची. इग्नेशियसला रात्री अंथरुणाला पाठ टेकली की मोठमोठे आध्यात्मिक विचार आणि गोड अनुभव येऊ लागत आणि ठरवलेली थोडीशी झोपही त्यांत जाई. पुढे त्याने तपासून पाहिलं आणि ठरवलं, देवासाठी दिवसभराचा वेळ दिलेलाच आहे, तेव्हा हे सोडून झोपलेलं बरं. झोप मोडणारी भक्ती त्याने संशयाने पाहिली. काळजीने रात्र-रात्र जागणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

दोन दिवस झोप झाल्यावर खरी साधना सुरू झाली. दिवसात चार वेळा प्रत्येकी एक तास. तो तास असा जातो. उतारा आदल्या रात्रीच वाचून ठेवायचा. निजताना, एक ‘नमो मारिया’ ही छोटी प्रार्थना म्हणायला लागेल तेवढा वेळ, उद्या कधी उठायचं आणि काय घ्यायचं एवढंच मनात आणायचं. प्रार्थनेच्या जागेपासून एक-दोन पावलं आधी उभं राहायचं, प्रभूची प्रार्थना म्हणायला लागतो तेवढा वेळ, आणि देव या क्षणी माझ्याकडे कसा पाहतो आहे याचा विचार करायचा. मला हा सगळ्यांत मोलाचा भाग वाटतो. आपण एरवी प्रार्थनेला बसतो ते थेट गाऱ्हाणं घेऊन. तो पाहतो आहे, याला आपण सेकंदही देत नाही. मग बसायचं. खुर्चीवर, जमिनीवर, गुडघ्यांवर, जसं जमेल तसं. एका बैठकीत बरं वाटलं तर ती बदलायची नाही. त्यानंतर मला काय हवं आहे ते स्पष्ट शब्दांत मागायचं. पुढे प्रसंग डोळ्यांसमोर आणायचा : जागा, माणसं, वास, बोलणं. कुठे मन अडकलं की तिथेच थांबायचं. इग्नेशियसची सूचना अशी की जिथे मला हवं ते सापडतं तिथेच विसावायचं, पुढे जायची घाई करायची नाही, तृप्ती होईपर्यंत. उतारा संपवायचं बंधन नाही. पुष्कळ जाणल्याने जीव भरत नाही, आतून चाखल्याने भरतो, असं त्याने सुरुवातीलाच लिहून ठेवलं आहे. शेवटची काही मिनिटं मित्राशी बोलावं तसं येशूशी बोलायचं.

तास संपला की जागा बदलून पंधरा मिनिटं वहीत लिहायचं. इथे बहुतेकांचं एक ठरलेलं चुकतं. ते उताऱ्यावर निबंध लिहितात. लिहायचं असतं ते मनात काय हललं : कुठे डोळे भरले, कुठे राग आला, कुठे कंटाळा, कुठे मन घट्ट मिटलं. चार-पाच ओळी पुरतात. दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकाला याच ओळी सांगायच्या. त्यावरून पुढचा उतारा ठरतो, आणि कित्येकदा नवा उतारा मिळतच नाही, जिथे हललं तिथेच परत जायला सांगतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी राग वर येतो, मलाही आला. मला मार्क ५ मधली बारा वर्षं रक्तस्रावाने आजारी असलेली बाई दिली होती. तिने पुष्कळ वैद्यांकडे पुष्कळ सोसलं, जवळचं सगळं खर्च केलं आणि दुखणं वाढतच गेलं, हे मार्कने स्पष्ट लिहिलं आहे. हॉस्पिटलची बिलं भरलेल्या माणसाला ते वाक्य वाचून काय होतं, ते सांगायला नको. रागाला बायबलमध्ये जागा आहे, हे फार जणांना माहीत नसतं. ‘हे परमेश्वरा, किती वेळ?’ अशा विचारण्याने तेरावं स्तोत्र सुरू होतं. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तर शेवटपर्यंत उजेड येत नाही, ते अंधारातच संपतं, आणि तरीही ते देवाला उद्देशून म्हटलेलं आहे. सिस्टरांनी ते मोठ्याने वाचायला सांगितलं, खोलीचं दार लावून. देवावर चिडणं ही प्रार्थनाच आहे, गप्प बसून पाठ फिरवणं तेवढं टाळायचं.

त्यानंतर आला कोरडेपणा. हा जवळजवळ प्रत्येकाला येतो आणि इथेच बॅगा भरल्या जातात. प्रार्थनेत काही होत नाही, मन जड, सगळं खोटं वाटतं, घरची ओढ लागते. आणि मनात एक फार शहाणा वाटणारा विचार येतो : इथे वेळ घालवण्यापेक्षा घरी जाऊन सेवा केलेली काय वाईट? यासाठी इग्नेशियसचे नियम अगदी नेमके आहेत. पहिला : अशा अवस्थेत आधी केलेला कोणताही निश्चय बदलायचा नाही. मन प्रसन्न असताना आठ दिवस राहायचं ठरवलं होतं ना, मग आठ दिवस. दुसरा : निश्चय बदलायचा नाही, पण स्वतः थोडं त्या जडपणाविरुद्ध जायचं. तास पुरा करायचाच, आणि मन उठायला लावत असेल तर पाच मिनिटं जास्त बसायचं. तिसरा : धीर धरायचा, हा काळ जाणार आहे. चौथा नियम मला सर्वांत उपयोगी पडला. मनाला पोखरणारी गोष्ट गुप्त राहू इच्छिते, उजेडात आणली की तिचं बळ जातं. म्हणून ती मार्गदर्शकाला जशीच्या तशी सांगायची. मी सांगितलं. सल्ला काहीच मिळाला नाही, फक्त शांतपणे ऐकून घेतलं गेलं, आणि तेवढ्याने ओझं निम्मं झालं.

कोरडेपणाची कारणंही इग्नेशियस तीनच देतो. आपण साधनेत हयगय केली असेल, देव आपली ताकद पारखत असेल, किंवा आनंद ही आपली कमाई नसून देणगी आहे हे आपल्याला शिकायचं असेल. पहिलं कारण आपण तपासू शकतो : तास पुरा केला का, रात्री चोरून कुणाशी बोललो का. ते नसेल तर स्वतःला दोष देत बसायचं नाही. थकलेल्या माणसाला ‘माझाच विश्वास कमी’ असं वाटण्याची सवय असते. ही तपासणी त्या सवयीला आळा घालते.

सहाव्या दिवशी पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली, ठेवलं होतं, ऐच्छिक. वहीवरून तयारी करावी. यादी लांबवू नये, ज्या एका-दोन गोष्टी वारंवार पानावर आल्यात त्या सांगाव्यात. सेवा करणाऱ्यांच्या बाबतीत त्या बहुधा चिडचिड, रुग्णाशी कठोर बोलणं, आणि ‘हे कधी संपेल’ असा मनात आलेला विचार याच असतात. शेवटचा विचार बोलून दाखवायला लाज वाटते. तो धर्मगुरूंनी शेकडो वेळा ऐकलेला असतो.

उरलेल्या दिवसांत मार्क ४ मधलं वादळ होतं, जिथे येशू नावेच्या मागच्या भागात उशीवर झोपलेला आहे. त्या उताऱ्याकडे मला परत परत पाठवलं गेलं. तो वादळ शांत करतो त्या ओळीवर मी थांबेन असं मला वाटलं होतं, मन थांबलं ते त्याच्या झोपेवर. दिवसभर माणसांना शिकवून तोही थकला होता. देवाच्या पुत्राला थकवा येतो, तो झोपतो, आणि त्या वेळी नाव दुसरे कुणी चालवतात, यात मला जो विसावा मिळाला तो आधीच्या कोणत्याही प्रवचनातून मिळाला नव्हता. शेवटच्या पूर्ण दिवशी योहान २१ : पुनरुत्थित येशू किनाऱ्यावर निखारे पेटवून रात्रभर राबलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावतो. आधी खाऊ घालतो, पेत्राशी कामाचं बोलणं त्यानंतर.

निघण्याआधीच्या भेटीत निश्चय लिहून घेतात. मोठे निश्चय सिस्टरांनी खोडून टाकले. रोज तासभर प्रार्थना, पहाटे चारला उठणं, आठवड्याला दोन उपास, हे रुग्ण असलेल्या घरात टिकत नाही आणि मोडलं की अपराधीपणाचं नवं ओझं होतं. उरले तीन : रोज रात्री पंधरा मिनिटांचं आत्मपरीक्षण, रविवारी मिस्सानंतर दोन तास कुणा दुसऱ्यावर घर सोपवून मोकळं राहणं, आणि महिन्यातून एकदा मार्गदर्शकाशी बोलणं.

आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे आहेत. आज मिळालेल्या गोष्टींबद्दल आभार, आणि ते नावानिशी : शेजारणीने आणून दिलेली भाजी, वेळेवर मिळालेली लोकल. मग दिवस नीट दिसावा म्हणून प्रकाश मागणं. मग सकाळपासून तासातासाने मागे वळून पाहणं. मग जिथे चुकलं तिथे क्षमा. मग उद्याचं एकच काम देवाच्या हाती देऊन प्रभूची प्रार्थना. पहिला टप्पा कधीच गाळायचा नाही. थकलेलं मन थेट चुका मोजायला बसतं आणि मग प्रार्थना ही आणखी एक झडती होते. अंथरुणात पडून केलं तर झोप लागते, म्हणून खुर्चीत बसून. अगदीच त्राण नसलेल्या रात्री फक्त पहिला आणि शेवटचा टप्पा केला तरी चालतो.

२० तारखेला सकाळी फोन हातात आला. तो घरी पोचल्यावरच चालू करा, स्टेशनवर नको. शेकडो मेसेज एकदम आले की डोकं दुखतं. पहिल्या आठवड्यात मन फार हळवं राहतं. आवाज, टीव्ही, गर्दी टोचते, घरचे मात्र आपण ताजेतवाने होऊन आलो म्हणून साठलेली कामं पुढे करतात. ब्यूरोच्या बाईला एक दिवस जास्त ठेवलं होतं ते त्या वेळी कामी आलं. या आठवड्यात मोठे निर्णय घेऊ नयेत, आणि रिट्रीटमध्ये काय झालं ते सगळ्यांना सांगत सुटू नये. विचारलंच तर दोन वाक्यं पुरे. चौथ्या-पाचव्या आठवड्यात आत्मपरीक्षण सुटू लागतं. तेव्हा महिन्याची भेट जवळ असली तर सावरतं, म्हणून पहिल्या तीन भेटींच्या तारखा निघतानाच ठरवून घ्याव्यात. प्रत्यक्ष जाणं जमत नसेल तर बरेच मार्गदर्शक फोनवर अर्धा तास देतात.

ज्यांना घर सोडून एक रात्रही बाहेर राहता येत नाही, त्यांच्यासाठीही सोय आहे, आणि ती मूळ साधनेतच एकोणिसाव्या सूचनेत सांगितलेली आहे. कामाधंद्यात गुंतलेल्या माणसाने रोज दीडएक तास काढून, घरी राहून, हीच साधना अनेक महिन्यांत हळूहळू पुरी करायची, आणि मार्गदर्शकाला ठरावीक दिवसांनी भेटायचं. हल्ली बहुतेक ठिकाणी रोज पाऊण तास आणि आठवड्याला एक भेट असं धरतात. फॉर्म भरताना किंवा पहिल्या फोनवर ‘रोजच्या जीवनातलं रिट्रीट’ असं विचारायचं, म्हणजे समोरच्याला लगेच कळतं. खोलीचा खर्च नसतो, रजा लागत नाही. अडचण एकच, घरात ठरल्या वेळी दार लावून बसू देणं सगळ्यांनी मान्य करावं लागतं. त्यासाठी वेळ पहाटेची निवडण्यापेक्षा रुग्णाच्या दुपारच्या झोपेची निवडा.